पहिले मंत्रिमंडळ आणि कायदेमंत्र्यांचे आसन

कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी उभे राहिले. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने झालेल्या या कार्याचा उल्लेख करताना, बाबासाहेबांच्या हयातीत उभारला गेलेला त्यांचा पुतळा, एवढेच वैशिष्ट्य बहुधा सांगितले जाते. त्या दिवशी बाबासाहेब भारत सरकारचे कायदेमंत्री होते, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी त्यास जोडून पाहतो. राज्यघटना अमलात येऊन दहा महिने झाले होते, हिंदू संहिता विधेयक संसदेपुढे खोळंबून पडले होते आणि मंत्रिपदाचा राजीनामा देण्यास आता दहा महिनेही उरले नव्हते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातील त्यांचे स्थान नेमके काय होते, याचा विचार या लेखात आम्ही करू इच्छितो.

आपल्या समाजात या मंत्रिपदाचे स्मरण दोन प्रकारांनी होते. जयंतीच्या फलकावर 'देशाचे पहिले कायदेमंत्री' ही एक पदवी म्हणून लिहिली जाते. तर दुसरीकडे काँग्रेसच्या औदार्याचा दाखला म्हणून तिचा उपयोग केला जातो. या दोन्हींमध्ये एक गोष्ट सुटते. मंत्रिमंडळ ही केवळ मानाची पंगत नसते, ती निर्णय घेणारी संस्था असते. त्या संस्थेत एखाद्या सभासदास आसन मिळाले म्हणजे निर्णयातही वाटा मिळाला, असे होत नाही. बाबासाहेबांनी मंत्रिमंडळ सोडताना केलेले निवेदन हे या भेदाचे आपल्या भाषेतील नव्हे, तर आपल्या देशातील पहिले सविस्तर विवेचन आहे असे आम्हांस वाटते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत ज्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली, त्यात पंतप्रधान पंडित नेहरू धरून चौदा जण होते. वल्लभभाई पटेल, राजेंद्र प्रसाद, मौलाना आझाद, जगजीवनराम, रफी अहमद किडवई, राजकुमारी अमृत कौर व पुण्याचे काकासाहेब गाडगीळ ही काँग्रेसची मंडळी होती. त्यांच्याबरोबर अर्थखात्यास षण्मुखम् चेट्टी, रेल्वेस जॉन मथाई, व्यापारास सी. एच. भाभा, संरक्षणास बलदेवसिंग, उद्योग व पुरवठा खात्यास हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी आणि कायदेखात्यास बाबासाहेब होते. एकमेकांच्या विरोधात उभे आयुष्य घालविलेली माणसे या यादीत शेजारीशेजारी बसलेली दिसतात. सर्व गटांचे म्हणून ते मंत्रिमंडळ गौरविले गेले आणि त्या गौरवात काही तथ्य होतेच. कोल्हापूरकरांना मात्र त्या दिवशी हे मंत्रिमंडळ सर्वार्थाने आपले म्हणता येत नव्हते. करवीर संस्थान वेगळे होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हाच या भागाचा संपूर्ण कारभार नव्या राज्यव्यवस्थेत आला.

बाबासाहेब या मंत्रिमंडळात कसे आले, याचे श्रेय कोणास द्यावे यावर पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. आम्हांस त्या वादापेक्षा घटनाक्रम अधिक बोलका वाटतो. १९४६ साली घटना समितीवर मुंबई प्रांतातून निवडून येण्याइतके बळ शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनजवळ नव्हते. ते बंगालमधून निवडून गेले आणि त्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल यांनी जिवाचे रान केले. फाळणी ठरली आणि बंगालमधील ते सभासदत्व संपुष्टात आले. तेव्हा घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी ३० जून १९४७ रोजी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले. १४ जुलैपासून सुरू होणाऱ्या अधिवेशनास बाबासाहेब हजर असावेत म्हणून त्यांना त्वरित निवडून पाठवावे, असा त्या पत्राचा आशय होता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने मोकळ्या झालेल्या जागेवर ते निवडून आले. घटना समितीत व तिच्या उपसमित्यांत त्यांनी केलेले काम पाहून हे पत्र लिहिले गेले, हे त्यातच नमूद आहे. म्हणजे गरज राज्यकर्त्यांची होती. याचकाच्या भूमिकेतून बाबासाहेब दिल्लीस गेले नाहीत, हे लक्षात ठेवावे.

येथे एका योगायोगाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ज्या जोगेंद्रनाथांनी बाबासाहेबांना घटना समितीत पाठविले, तेच पाकिस्तानच्या पहिल्या मंत्रिमंडळात कायदा व श्रम या खात्यांचे मंत्री झाले. कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक भरली, तेव्हा तिचे तात्पुरते अध्यक्षपदही त्यांनीच भूषविले होते. एका वसाहतीतून दोन राष्ट्रे जन्मास आली आणि दोन्हींच्या पहिल्या मंत्रिमंडळात कायद्याचे खाते अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातील नेत्याकडे होते! पूर्व बंगालमधील १९५० च्या अत्याचारांनंतर मंडल कलकत्त्यास आले आणि ऑक्टोबर १९५० मध्ये तेथूनच त्यांनी लियाकत अली खान यांच्याकडे राजीनामा धाडला. त्यानंतर बरोबर वर्षभराने बाबासाहेब दिल्लीच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले. दोन्ही राजीनाम्यांची तात्कालिक कारणे निराळी आहेत; मंडलांचा प्रश्न आपल्या लोकांच्या जीविताचा होता, बाबासाहेबांचा राज्यकारभाराच्या रीतीचा व कायद्याचा. परंतु दोन्ही ठिकाणी तक्रारीचा एक धागा सारखा आहे: आमचे नाव मंत्र्यांच्या यादीत आहे, पण आमच्या समाजाविषयीचे निर्णय आम्हांस वगळून होतात.

कायदेखाते हे त्या काळी प्रशासनाच्या दृष्टीने दुय्यम समजले जाई. अन्य खात्यांनी आणलेल्या विधेयकांस कायद्याचे रूप द्यावे, मसुदे तपासावेत, एवढाच त्याचा व्याप. बाबासाहेबांस हे ठाऊक होते. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते त्यांनी सांभाळलेले होते. सार्वजनिक बांधकामाचा कारभारही त्यांच्याकडे होता. म्हणूनच पंतप्रधानांनी विचारणा केली, त्याच वेळी त्यांनी प्रशासकीय स्वरूपाचे एखादे खाते मागितले होते. नियोजनाचे खाते निर्माण व्हावयाचे आहे, ते कायद्याच्या जोडीस देऊ, असे आश्वासन त्यांस मिळाले. पुढे नियोजनाची व्यवस्था झाली तेव्हा त्यांना वगळण्यात आले. दरम्यान अनेक खाती एका मंत्र्याकडून दुसऱ्याकडे गेली. कोणी परदेशी गेला तर त्याचे खाते तात्पुरते तिसऱ्याकडे गेले. त्यांपैकी एकदाही बाबासाहेबांचा विचार झाला नाही. रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिलेल्या माणसाला मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीत सुरुवातीस घेतले गेले नाही. पंतप्रधान इंग्लंडला गेले असता त्यांची त्या समितीवर नेमणूक झाली, पंतप्रधान परत येताच ती गेली आणि पुढे निषेध नोंदविल्यावर पुन्हा मिळाली. परराष्ट्र समिती व संरक्षण समिती यांत तर त्यांना कधीच स्थान नव्हते.

ही वैयक्तिक मानापमानाची कथा असती तर आम्ही तिच्यावर इतका भर दिला नसता. परंतु बाबासाहेबांनी या अनुभवातून जो मुद्दा मांडला तो संस्थेसंबंधीचा आहे. त्यांचे म्हणणे असे की, महत्त्वाचे सर्व निर्णय समित्यांत ठरतात. जे सभासद त्या समितीत नाहीत त्यांच्यापर्यंत तेथील चर्चा पोहोचत नाही. आणि मंत्रिमंडळ हे आधीच झालेल्या निर्णयांची नोंद करणारे कार्यालय बनते. सामुदायिक जबाबदारी मात्र सर्वांची. जो निर्णय आपण घेतला नाही, ज्याची कारणे आपणास कळली नाहीत, त्याचे उत्तरदायित्व आपल्या माथी! संरक्षण समितीत नसलेल्या मंत्र्याने मग मंत्रिमंडळ सोडताना जाहीरपणे सांगितले, की वर्षाच्या सुमारे ३५० कोटी रुपयांच्या महसुलातून १८० कोटी लष्करावर खर्च होतात, आणि याचे मूळ परराष्ट्र धोरणात आहे. जे आत बसून विचारता आले नाही, ते बाहेर पडताना विचारावे लागले.

पालि विनयाचा अभ्यास करणाऱ्यास हा मुद्दा अपरिचित वाटणार नाही. बाबासाहेबांसही तो अपरिचित नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील समारोपाच्या भाषणात, म्हणजे कायदेमंत्री असतानाच, त्यांनी सांगितले होते की संसदीय कार्यपद्धती भारतास नवी नाही. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणसंख्या, मतगणना, गुप्त मतदान यांचे नियम भिक्खू संघाने पाळलेले आहेत. विनयातील ञत्ति म्हणजे प्रस्ताव, कम्मवाचा म्हणजे त्याची घोषणा, सलाका म्हणजे मतदानाची शलाका आणि येभुय्यसिका म्हणजे बहुमताने निर्णय, हे शब्द आपल्या नियतकालिकांच्या वाचकांस परिचित आहेत. भाषणातील हा भाग आपण वारंवार उद्धृत करतो. परंतु विनयाचा आणखी एक नियम आहे, तो या मंत्रिमंडळाच्या कथेत आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

महावग्गाच्या चम्पेय्यक्खंधकात संघकर्म केव्हा वैध होते, याची चर्चा आहे. नुसती गणसंख्या भरली म्हणजे पुरे होत नाही. सीमेच्या आत असलेल्या, त्या कर्मास पात्र अशा सर्व भिक्खूंनी उपस्थित असले पाहिजे. जो आजारी आहे त्याची संमती, म्हणजे छंद, आणली गेली पाहिजे. आणि उपस्थितांपैकी कोणाचा आक्षेप असता कामा नये. असे कर्म ते समग्ग. यातले काही उणे असेल तर ते वग्ग आणि वग्ग कर्म नियमाप्रमाणे बोलले गेले असले तरीही अग्राह्य. या 'वग्ग' शब्दाचा आपल्या 'वर्ग' या शब्दाशी घोटाळा होऊ नये. ग्रंथाच्या विभागास म्हणतात तो वग्ग निराळा. येथील वग्ग संस्कृत 'व्यग्र' या शब्दातून आलेला आहे आणि त्याचा अर्थ तुटलेला, अपुरा असा आहे. चार भिक्खूंनी एका कोपऱ्यात बसून, इतर सीमेत असताना, सर्वांच्या नावाने ठराव करावा, हे विनयास मान्य नाही.

यावर कोणी म्हणेल, की मोठ्या राज्याचा कारभार समित्यांवाचून चालत नाही. खरे आहे. संघासही ते ठाऊक होते. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वेसाली येथे दहा वस्तूंचा वाद उभा राहिला, तेव्हा सातशे भिक्खूंच्या सभेत बोलणे वाढत गेले आणि निर्णय होईना. त्या वेळी संघाने उब्बाहिका, म्हणजे निवड समिती, नेमली: पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार, असे आठ स्थविर. वाद ज्या दोन पक्षांत होता, त्या दोन्ही पक्षांस समान स्थान. नेमणूक संघासमोर रीतसर प्रस्ताव मांडून झाली. आणि समितीत रेवत थेरांनी विचारलेल्या प्रश्नांची सब्बकामी थेरांनी उत्तरे दिल्यावर काम तेथेच संपले नाही. सब्बकामींच्याच सूचनेवरून तेच प्रश्न व तीच उत्तरे संपूर्ण संघापुढे पुन्हा झाली. चुल्लवग्गातील ही हकीकत बारकाईने वाचावी अशी आहे. समिती असावी की नसावी, हा प्रश्नच नव्हे. ती कोणी नेमली, तीत कोण आहे आणि तिचे बोलणे मूळ सभेपुढे पुन्हा येते की नाही, हे तीन प्रश्न आहेत. १९५१ चे बाबासाहेबांचे गाऱ्हाणे नेमके याच तीन प्रश्नांवर उभे आहे. त्यांनी त्या निवेदनात विनयाचा उल्लेख केलेला नाही. हा संबंध आम्ही लावीत आहोत, हे स्पष्ट केले पाहिजे.

हे गाऱ्हाणे एकट्या बाबासाहेबांचे होते, असेही नाही. चेट्टींच्या मागून अर्थमंत्री झालेले जॉन मथाई १९५० च्या मध्यास बाहेर पडले. नव्याने स्थापन झालेले नियोजन मंडळ मंत्रिमंडळास समांतर सत्ता होऊ पाहत आहे, हा त्यांचा आक्षेप होता. मुखर्जी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निराळ्या कारणाने गेले. १५ डिसेंबर १९५० रोजी पटेलांचे निधन झाले. चौदांची ती पंगत चार वर्षांत ओळखू येईनाशी झाली होती.

आता हिंदू संहितेकडे वळू. विवाह, घटस्फोट, वारसा, दत्तक, पालकत्व यांविषयीचे विखुरलेले नियम एकत्र करून स्त्रीस मालमत्तेत पूर्ण हक्क द्यावा, कन्येस वाटा मिळावा, एकपत्नीत्व बंधनकारक व्हावे, जातीबाहेरचा विवाह वैध ठरावा, हा तिचा गाभा. कोल्हापूरच्या वाचकास यातले सारेच नवे वाटू नये. १९१९-२० या काळात राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहास मान्यता देणारा आणि काडीमोडीसंबंधीचा कायदा केलेला होता. २२ मार्च १९२० रोजी संपलेल्या माणगाव परिषदेत ज्या तरुण बॅरिस्टराकडे, खरे तर त्या वेळी अद्याप बॅरिस्टर न झालेल्या प्राध्यापकाकडे, महाराजांनी बहिष्कृतांचे नेतृत्व सोपविले, त्याच्यावर तीस वर्षांनंतर तेच विषय साऱ्या देशासाठी मांडण्याची वेळ आली. संस्थानच्या राजाला जे एका हुकुमाने करता आले, ते लोकशाहीच्या मंत्र्यास बहुमत मिळवून करावयाचे होते. हा मार्ग अवघड होता, आणि बाबासाहेबांनी तोच मार्ग योग्य मानला होता.

विधेयक ११ एप्रिल १९४७ रोजी सभागृहात आले. तेव्हा कायदेखाते हंगामी सरकारमध्ये जोगेंद्रनाथ मंडलांकडेच होते. ९ एप्रिल १९४८ रोजी ते प्रवर समितीकडे गेले आणि ऑगस्टमध्ये समितीचा अहवाल आला. त्यानंतर चर्चा तुकड्यातुकड्यांनी होत राहिली. केव्हा चार दिवस, केव्हा एक. १९ डिसेंबर १९४९ रोजी विधेयक विचारात घेण्याचा ठराव मंजूर झाला, पण १९५० हे संपूर्ण वर्ष त्यास वेळ मिळाला नाही. फेब्रुवारी १९५१ मध्ये तीन दिवस मिळाले. १० ऑगस्ट १९५१ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधानांना लिहिले, की प्रकृतीची चिंता वाटते आहे, वैद्यांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हे काम पुरे करावयाचे आहे. सप्टेंबरमध्ये कलमे चर्चेस आली. संपूर्ण विधेयक शक्य नाही तर निदान विवाह व घटस्फोट हा भाग मंजूर करू, असे ठरले. तोही चार कलमे झाल्यावर सोडून देण्यात आला. बाहेरचा विरोध सर्वांस ठाऊक आहे. मंत्रिमंडळाने एकमुखाने आणलेल्या विधेयकास मंत्रिमंडळाच्या पक्षाचेच सभासद अडवीत होते आणि त्यांना पक्षादेश बजावण्यात आला नाही, हे बाबासाहेबांस अधिक लागले.

या चर्चेतील एक भाग बौद्ध वाचकांनी मुद्दाम पाहावा. दुसऱ्या कलमाप्रमाणे ही संहिता बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू होती. त्यास आक्षेप घेतला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी उत्तर दिले की बुद्धांचा ब्राह्मणांशी मतभेद धम्माच्या बाबतीत होता; आपल्या उपासकांसाठी त्यांनी वेगळा व्यवहारकायदा सांगितला नाही. शास्त्रदृष्ट्या हे विधान अचूक आहे. विनय हा भिक्खूंचा आहे. सिगालोवाद सुत्तात पती-पत्नी, माता-पिता व मुले यांची परस्पर कर्तव्ये आहेत, पण वारसा कोणास व किती, विवाह केव्हा मोडतो, याचे नियम तेथे नाहीत. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा, ही जी मागणी आपल्या समाजात मूळ धरून आहे, तिचा विचार करताना हे उत्तर बाजूस सारता येणार नाही. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे, की ते १९५१ चे, दीक्षेपूर्वीचे, आणि संहिता वाचविण्यासाठी सभागृहात दिलेले उत्तर आहे. त्यास प्रमाणवचन मानून वाद मिटविणे आम्हांस रास्त वाटत नाही.

२७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनाम्याचे पत्र दिले. हातातील विधेयकांची कामे उरकेपर्यंत ते थांबले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निवेदन करण्यास ते सभागृहात उभे राहू लागले, तेव्हा निवेदनाची प्रत आधी हवी आणि ते ठरलेल्या वेळी, सायंकाळी करावे, असे उपाध्यक्षांनी सांगितले. बाबासाहेब सभागृहातून निघून गेले आणि ते निवेदन त्यांनी वृत्तपत्रांकडे दिले. अनुसूचित जातींच्या संरक्षणाबद्दलची उदासीनता, मागासवर्गीयांसाठी आयोग न नेमणे, काश्मीर व पूर्व बंगाल, समित्यांचा कारभार आणि शेवटी हिंदू संहिता, असा त्याचा क्रम आहे. ते मंत्र्याचे निवेदन असूनही मंत्र्यास ते सभागृहात वाचता आले नाही.

जानेवारी १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते पराभूत झाले व पुढे राज्यसभेवर गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात वकिलांसमोर बोलताना लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी त्यांनी सांगितल्या. विरोधी पक्षाचे अस्तित्व, कायद्यापुढे व कारभारात समानता, घटनात्मक नीती आणि बहुमताने अल्पमतावर जुलूम न करणे या त्यांत होत्या. चार वर्षे मंत्रिमंडळात बसून आलेल्या माणसाचे ते बोल आहेत, हे मनात ठेवून ते भाषण वाचावे. त्यानंतर लगेचच ते कोल्हापुरास आले होते.

संहितेचे पुढे चार तुकडे करण्यात आले. त्यांतील हिंदू विवाह कायदा १९५५ च्या मे महिन्यात झाला. संसदेत तो नेण्याचे काम कायदेखात्यातील हरि विनायक पाटसकर यांनी केले. वारसा कायदा जून १९५६ मध्ये, अज्ञानत्व व पालकत्वाचा ऑगस्टमध्ये आणि दत्तक व निर्वाहाचा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी आला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणास तेव्हा पंधरा दिवस झाले होते.